मेहकर टू मनाली : पहिला बर्फ कुठे?

पैनगंगेकाठच्या मेहकरात बर्फ भेटतो दोनच ठिकाणी. रसवंतीवर आणि गोळेवाल्याच्या गाडीवर! म्हणून तिथल्या पोरांनी स्कीइंगची स्वप्नं बघायचीच नाहीत का? आता तर समृद्धी महामार्ग गावाजवळून जातो. तीनेक तासांत नागपूरचं विमानतळ, तिथून दिल्ली आणि पुढे थेट पहाड.

सध्या आमच्या घरात हाच विषय गाजतोय. पुण्यात आयटीत असलेला माझा मावसभाऊ आईला आणि थोरल्या भावाच्या दोन पोरांना (वय ७ आणि १०) बर्फात न्यायचं म्हणतोय. नुसतं बघायला नाही, स्कीइंग शिकवायला. बजेट एकदाच जमलंय, त्यामुळे जागा बरोबर निवडायला हवी. कारण पहिल्याच दिवशी घाबरलेलं मूल पुन्हा स्कीवर पाय ठेवायला तयार होत नाही.

आधी फंडा क्लिअर करा

फोटो हवाय की शिकायचंय? भाड्याचा सूट, स्की घालून दोनदा घसरणं आणि पंधरा मिनिटांत खेळ खल्लास, याला शिकणं म्हणत नाहीत. नवशिक्याला किमान तीन दिवस, एकच शिक्षक आणि शेवटी सपाट होणारा उतार लागतो. पडायचं कसं, उठायचं कसं आणि स्कीची टोकं जवळ आणून पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार करत थांबायचं कसं, एवढं जमलं की पोरं सुटलीच!

तीन दावेदार

*औली* (उत्तराखंड) : जानेवारी २०११ मध्ये इथे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. गढवाल मंडल विकास निगमचे स्की कोर्सही नावाजलेले. पण ऋषिकेशहून जोशीमठपर्यंतच अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता आहे. त्यात जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली आणि तिथून वर जाणारा रोपवे थांबवावा लागला. कॉलेज गँगसाठी मस्त. सात वर्षांचं पोर आणि गुडघेदुखीवाली आजी सोबत असेल तर राहू द्या.

*गुलमर्ग* (काश्मीर) : खरं सांगायचं तर शिकायला नंबर वन. श्रीनगर विमानतळापासून पन्नासेक किलोमीटर, उंची सुमारे २,६५० मीटर आणि गावातच हलक्या उताराची पसरट कुरणं. गोंडोला अफरवटच्या बाजूला जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो, पण वरचे उतार मुरलेल्यांसाठी. नवशिक्यांनी तिथे फक्त नजारा बघायचा. हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीअरचा त्यात जीव गेला.

*सोलंग* (हिमाचल) : मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटर. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचं स्की प्रशिक्षण इथे चालतं. उतार सोपा, राहायची-खायची सोय मनालीत. मायनस पॉइंट? गर्दी! शनिवार-रविवारी उतारावर स्कीअर कमी आणि सेल्फीवाले जास्त.

मग ठरलं काय?

कागदावर गुलमर्ग जिंकतं. पण मावशीने पहिल्याच वाक्यात सांगितलं, ‘‘काश्मीर नको रे बाप्पा!’’ एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यात महाराष्ट्रातलेही पर्यटक मारले गेले. तेव्हापासून ते चित्र तिच्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिला आकडेवारी दाखवून काय उपयोग? हॉटेलात आजी दिवसभर धास्तावून बसली, तर उतारावरच्या पोरांचंही लक्ष लागणार नाही. त्यामुळे आमचं मत सोलंगला. गुलमर्ग दुसऱ्या खेपेला, पोरं वळायला शिकल्यावर.

आता प्रश्न तारखांचा. शाळेला मोठी सुट्टी मे महिन्यात, तेव्हा सीझन संपलेला. नाताळात बर्फाची खात्री नाही. भरवशाचा काळ जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. म्हणजे मुख्याध्यापकांना अर्ज करणं आलं! तोही सोमवार ते शुक्रवार गाठून. बर्फ हल्ली लहरी झालाय. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर बर्फच नाही म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. तेव्हा रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

जाण्याआधीच्या टिप्स

पाय तयार करा. मेहकरहून लोणार पंचवीसेक किलोमीटरवर आहे. तिथली चढउतार केली की मांड्या बोलायला लागतात, आणि स्कीइंगला नेमक्या त्याच लागतात. बूट घोट्याला घट्ट हवा, पण बोटं हलली पाहिजेत. मुलांना हेल्मेट आणि गॉगल हवाच. बर्फावरचं ऊन विदर्भातल्या मुलांनाही भाजतं. पहिला दिवस आराम. संस्थेचा कोर्स घ्यायचा असेल तर वयाची अट आधी वाचा.

आणि पैसे मोजण्यापूर्वी शिक्षकाला एकच प्रश्न विचारा : ‘‘हा उतार संपतो कुठे?’’ उत्तर ‘सपाटीवर’ असेल, तर बिनधास्त सोडा पोरांना!