राजगडाच्या पायथ्याशी दहाची नऊ नाणी

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता माझ्या सॅकमध्ये तीन वस्तू नव्या होत्या. ट्रेकिंगचे शूज, हेडलॅम्प आणि एक मेकॅनिकल कीबोर्ड. शूज आणि हेडलॅम्प ठीक आहे हो, पण गुंजवण्याला कीबोर्ड? मित्रमंडळी हसली. हसू द्या! माझ्यासारख्या फ्रीलान्सरला वीकएंड नसतो, डेडलाइन असते. सोमवारी सकाळपर्यंत चार हजार शब्द द्यायचे होते आणि उजव्या हाताची करंगळी तीन आठवड्यांपासून ठणकत होती.

ठणकण्याचं कारण तोच कीबोर्ड. ‘एकदा मेकॅनिकलवर टाइप केलंस ना, लॅपटॉपला हात लावणार नाहीस,’ असं ऐकून हौसेनं घेतला. पण बटणं अशी घट्ट की संध्याकाळी बोटं गुडघ्यांसारखी बोलायला लागायची. ‘नवीन आहे, वापरून सैल होईल,’ हा सगळ्यांचा ठरलेला सल्ला. दुकानदारानं महिनाभरात बदलून देतो म्हणून सांगितलं होतं आणि तो महिना सोमवारी संपत होता. थांबायचं की बदलायचं? लिहिण्यावरच घरभाडं निघत असेल, तर हा प्रश्न छोटा नसतो, बॉस!

पुण्याहून सातारा रस्ता, नसरापूर फाट्याला उजवीकडे, मार्गासनी, साखर आणि मग गुंजवणे. फाट्यावर न वळता हायवेनं सरळ गेलं तर शिरवळ लागतं. आमच्या आईच्या दृष्टीनं ते ऐतिहासिक गाव! गोदरेजनं 1955 मध्ये पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि त्यांचे शेवटचे टाइपरायटर बनले ते शिरवळच्या कारखान्यात. 2009 मध्ये उत्पादन थांबलं. आई मूळची भोरची. तिथल्याच एका क्लासमध्ये तिनं मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसची परीक्षा दिली. माझी तक्रार ऐकून फोनवर म्हणाली, ‘आमच्याकडे नवं मशीन आलं की सर आधी तेल द्यायचे आणि मग सगळ्यात दांडगी मुलं त्यावर बसवायचे. महिन्याभरानं आमची पाळी!’

शनिवारी पहाटे चोर दरवाजाच्या वाटेनं वर चढलो. शेवटचा टप्पा रेलिंग धरून, अक्षरशः हातापायांवर. दरवाजातून वाकून आत शिरलं की समोर पद्मावती तलाव. सगळी दमछाक तिथेच माफ! रायगडाआधी ही शिवाजी महाराजांची राजधानी होती. एका बाजूला सुवेळा, दुसऱ्या बाजूला संजीवनी आणि मधोमध बालेकिल्ला. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. वेल्हे तालुक्याचं नावही आता राजगड झालं आहे. पण एसटीत बसलात तर ‘वेल्हे’च म्हणा, लोकांच्या तोंडी अजून तेच आहे.

चढताना शूजनी टाचेची सालं काढली. वाटलं, नवे आहेत, मुरतील. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला अंगठा पुढे आपटायला लागला. तेव्हा प्रकाश पडला. टाचेकडचा कडकपणा वापरून जाईल, पण एक नंबर लहान घेतलेला बूट कितीही चाललं तरी लांबीला वाढत नाही. मग कीबोर्डचं काय? तो मुरायचा बाकी आहे, की मापच चुकलंय?

दुपारी पिठलं-भाकरी खाऊन ओसरीवर कीबोर्ड उघडला. आतली भानगड सोपी आहे. प्रत्येक बटणाखाली एक स्विच असतो. त्यात प्लॅस्टिकचा एक दांडा, खाली स्प्रिंग, बाजूला धातूची पातळ पट्टी. दांडा खाली सरकला की पट्टी टेकते आणि अक्षर उमटतं. नव्या स्विचमध्ये प्लॅस्टिक अजून घासून गुळगुळीत झालेलं नसतं, वंगण कमी पडलेलं असतं, म्हणून दांडा कडेला खरखरतो. हा झाला टाचेकडचा कडकपणा. हजारो वेळा दाबून तो कमी होतो. स्प्रिंगचं तसं नाही. ती कोट्यवधी वेळा दाबायच्या हिशेबानं बनवलेली असते, महिन्याभरात कुठली दमायला! जर्मनीच्या चेरी कंपनीनं रंगांची जी पद्धत रुळवली, त्यात लाल स्विच साधारण 45 ग्रॅमचा, काळा 60 ग्रॅमचा. माझा काळा होता. दुकानात रंग आवडला म्हणून घेतला होता, काय सांगू!

मग वजनच करायचं ठरवलं. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. घरच्या मावशींचं छोटं दुकान आहे, त्यांच्या गल्ल्यातून नाणी मागून घेतली. नाणं बटणापेक्षा मोठं, शेजारच्या बटणांवर टेकतं, म्हणून मावशींच्या नातवानं खोडरबराचा तुकडा आणून दिला. तो बटणाच्या मधोमध, त्यावर एकेक नाणं. सगळ्यात जास्त वापरातलं बटण आठव्या नाण्याला खाली गेलं, स्क्रीनवर अक्षर उमटलं आणि नातवानं टाळ्या पिटल्या. मग वरच्या रांगेतलं, मी कधीच न दाबलेलं बटण घेतलं. त्याला नऊ लागली!

हिशेब तिथेच लागला. एक नाणं घर्षणाचं, ते वापरून गेलं होतं. उरलेली आठ, म्हणजे साठेक ग्रॅम, स्प्रिंगची. ती कायमची. शिवाय तिसरी चूक माझीच. अशा स्विचचं बटण साधारण चार मिलिमीटर जातं आणि अक्षर जेमतेम दोनवर उमटतं. मी लॅपटॉपच्या सवयीनं तळापर्यंत ठोकत होते आणि स्प्रिंग जितकी दबेल तितकी जास्त विरोध करते. रात्री हलक्या हातानं टाइप करून पाहिलं. इतर बोटांना आराम पडला. करंगळीला नाही.

म्हणजे निर्णय झाला. सोमवारी लेख पाठवला, दुकानात गेले आणि 45 ग्रॅमचे स्विच बसवून घेतले. घरी पुन्हा नाणी ठेवून पाहिली, सहा पुरली. नवे आहेत, थोडे खरखरतात. ते आता खुशाल मुरू देत. शूज मात्र धाकट्या भावाला गेले.

हो, निघताना मावशींनी नाणी मोजून घेतली. ‘नऊ दिली व्हती, आठच हायेत.’ नववं नातवाच्या मुठीत होतं. मी एक चॉकलेट घेतलं आणि हिशेब चुकता केला.

जायचं कसं?
पुण्यापासून साठेक किलोमीटर, नसरापूर-मार्गासनी-साखर मार्गे. चोर दरवाजाची वाट दोन-अडीच तासांची, पावसाळ्यात निसरडी. पाणी सोबत ठेवा. शूज मात्र संध्याकाळी, जाड मोजे घालून आणि उतारावर चालून पाहूनच घ्या!