गजर आणि मधली जागा

वलगाव म्हटले की वऱ्हाडातल्या माणसाला पेढी नदी आणि २० डिसेंबर १९५६ ही तारीख आठवते. अमरावतीकडे येताना गाडगेबाबांनी येथेच देह ठेवला. त्याआधी बरोबर सहा आठवडे, ८ नोव्हेंबरला, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले आणि ते ध्वनिमुद्रित झाले. आज ते ‘शेवटचे कीर्तन’ या नावाने ओळखले जाते. हे नाव दिनदर्शिकेने दिलेले आहे, कीर्तनाने नव्हे. त्यात काय घडले, याचा त्यावरून काहीच बोध होत नाही.

अमेरिकेत ‘ग्रेटफुल डेड’ आणि ‘फिश’ या वाद्यवृंदांच्या चाहत्यांनी हाच प्रश्न फार गांभीर्याने घेतला. मंचावर एखादे गीत वाजता वाजता वादक त्याची चौकट सोडून उत्स्फूर्त वादनात शिरत. यालाच तिकडे ‘जॅम’ म्हणतात. कार्यक्रमांच्या याद्या ठेवणाऱ्यांपुढे पेच असा, की गीताला नाव आहे, या भटकंतीला नाव नाही. मग एक गीत न थांबता दुसऱ्यात मिसळले तर मध्ये बाणाची खूण आली. ‘डेड’च्या यादीत नुसते ‘ड्रम्स’ आणि ‘स्पेस’ असे टप्पे आले. फिशच्या चाहत्यांनी जॅमचे दोन प्रकार पाडले : गीताच्या चौकटीत राहणारा पहिला, चौकट मोडून निघून जाणारा दुसरा. कोणता जॅम कुठल्या प्रकारात घालायचा यावर त्यांच्यात वाद होतात, आणि ते वाद आम्हांस मुळीच पोरकट वाटत नाहीत.

आपल्याकडे नारदीय कीर्तनाची यादी करणे सोपे. नमन, पूर्वरंगाचे मूळ पद, निरूपण, उत्तररंगातले आख्यान. खाने आधीच आखलेले. गाडगेबाबांचे कीर्तन या खान्यांत बसत नाही. तेथे एकच ठरलेली गोष्ट : ‘गोपाला’चा गजर. दोन गजरांच्या मधली सारी जागा मोकळी. तेथे ते प्रश्न विचारीत. देवाला आंघोळ कोण घालतो? नैवेद्यावरून कुत्रे कोण हाकलतो? श्रोत्यांनी उत्तर द्यावे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघावा, आणि देवाची रखवाली माणसालाच करावी लागते हे लोकांच्याच तोंडून वदवून घ्यावे. कर्ज, दारू, पशुहत्या, मुलांचे शिक्षण हे विषय याच वाटेने येत.

आता या मधल्या जागेला नाव काय द्यावे? छापील पुस्तकांत ‘उपदेश’ असे मथळे दिसतात. हा मथळा आम्हांस खटकतो. उपदेश एकट्याचा असतो. येथे निम्मे काम समोरच्या गर्दीचे आहे. सरकारी पातळीवर २०००-०१ पासून बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. ते चांगलेच झाले, पण तेव्हापासून शाळकरी मुलाला बाबा म्हणजे खराटा एवढेच ठाऊक असते. देवळातल्या देवाविषयी हजारोंच्या गर्दीला उलटतपासणीत उभे करणारा माणूस त्या खराट्याआड गेला.

म्हणून एम.ए.च्या वर्गात आम्ही एक उद्योग करून पाहिला. छापील संहिता बाजूला ठेवायची, मुद्रण ऐकायचे, आणि विषयांऐवजी हालचालींची यादी करायची : प्रश्न, होकार, चिमटा, गजर. एका प्रश्नातून दुसऱ्यात न थांबता शिरले तर बाणाची खूण. मुलांची पहिली भांडणे ‘चिमटा’ या शब्दावरून झाली. काहींना तो थट्टा वाटला, काहींना दटावणी. एकीचे म्हणणे, हा तर सरळ साक्षीपुरावा आहे. मग गजर कोठे मोजायचा यावरून दोन गट पडले. एका गटाने त्याला विराम मानले. दुसऱ्याचे म्हणणे, लोकांनी आताच दिलेल्या कबुलीवर तो शिक्कामोर्तब आहे, तेव्हा त्याला विराम म्हणून कसे चालेल? आमचा कल दुसऱ्या गटाकडे आहे. एका मुलीने मात्र एका खान्यात कोणतीच खूण केली नाही, नुसते लिहिले : ‘लोक हसले आणि गप्प झाले.’ तो खाना आम्ही तसाच ठेवला आहे.