खलीलच्या पेठेतील एक उघडे दुकान

जेरुसलेमच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, द्राक्षमळ्यांच्या डोंगराळ मुलखात हेब्रॉन हे प्राचीन शहर वसलेले आहे. अरब लोक त्याला अल-खलील म्हणतात. फुंकून घडविलेली रंगीत काच, चामड्याचे जिन्नस आणि काकवीसारखा दाट द्राक्षपाक यांसाठी ही पेठ पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली. १९६७ च्या युद्धापासून वेस्ट बँकेतील हे शहर इस्रायली लष्कराच्या अमलाखाली आले.

वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसने २००२ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमातून देशोदेशींचे स्वयंसेवक तीन-तीन महिने पॅलेस्टिनी वस्तीत येऊन राहू लागले. काही वर्षांपूर्वी त्यांच्यापैकी एक निवृत्त शिक्षिका हेब्रॉनच्या जुन्या भागात आली. काम ऐकावयास सोपे होते. सकाळी तपासणी नाक्याजवळ उभे राहावयाचे, शाळेत जाणारी मुले मोजावयाची, कोणाचे दप्तर उघडले, कोणाला किती वेळ थांबविले ते वहीत टिपावयाचे. लोखंडी फिरते दार, बंदूकधारी तरुण सैनिक आणि त्यांतून पाढे पाठ असल्यासारखी निमूट निघून जाणारी सहा-सात वर्षांची मुले! पहिल्या आठवड्यात तिला सैनिकांचे भय वाटले. पुढे मुलांच्या त्या सवयीचे अधिक वाटू लागले.

नाक्यापलीकडचा शुहादा रस्ता ही एके काळी शहराची मुख्य बाजारपेठ. फेब्रुवारी १९९४ मध्ये शेजारच्या ज्यू वसाहतीत राहणाऱ्या एकाने इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतरचे निर्बंध मात्र आले ते मृतांच्याच शेजाऱ्यांवर. १९९७ च्या करारान्वये शहराचा सुमारे २० टक्के भाग लष्कराच्या ताब्यात राहिला आणि २००० नंतरच्या उठावात हा रस्ता पॅलेस्टिनींना जवळजवळ पूर्ण बंद झाला. खुद्द इस्रायलमधील मानवाधिकार संस्थांनी २००७ मध्ये मोजदाद प्रसिद्ध केली, तेव्हा या भागात १,८२९ दुकाने व व्यवसाय बंद पडलेले आढळले. घरांची रस्त्याकडील दारेच बंद केल्याने काही कुटुंबांना गच्चीवरून ये-जा करावी लागे. याच शहरात १९२९ साली ६७ ज्यू मारले गेले होते आणि काही अरब कुटुंबांनी शेजारच्या ज्यूंना घरात दडवून वाचविले होते. प्रामाणिक खतावणीत या नोंदीही हव्यातच.

जुन्या बाजाराच्या गल्लीवर तारेची जाळी ताणलेली आहे. वरच्या मजल्यांवरील वसाहतवासीयांनी फेकलेला कचरा व बाटल्या तिच्यात अडकून राहतात; घाण पाणी मात्र खाली येतेच. याच गल्लीतील एका वृद्ध काचविक्याकडे शिक्षिका रोज चहाला थांबू लागली. चहा सुगंधी पाल्याचा, आणि पैसे देऊ केले तर अपमान!

पॅलेस्टिनी व्यवहाराची उकल तिला त्या फळीवरच झाली. स्वतःचे चलन नाही; किरकोळ विक्री इस्रायली शेकेलमध्ये, घरभाडे पुष्कळदा जॉर्डनच्या दिनारमध्ये. १९९४ च्या पॅरिस करारानुसार आयात मालावरील जकात इस्रायल गोळा करते आणि मग पॅलेस्टिनी प्रशासनाला देते. ती रक्कम रोखली गेली, की शिक्षक-कारकुनांचे पगार लांबतात आणि वाण्याची उधारीची वही फुगते. राजकारण म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला असे महिनाअखेरीस कळते.

एके दिवशी तिने भीत भीत विचारले, “गिऱ्हाईक नसताना तुम्ही रोज दुकान उघडता कशासाठी?”

वृद्धाने समोरच्या गंजलेल्या दारांकडे बोट दाखविले. “ती थोड्या दिवसांसाठी म्हणून बंद केली होती,” तो म्हणाला. त्याच्या लोकांत या चिकाटीला ‘सुमूद’ म्हणतात. त्याने मात्र तो शब्द उच्चारला नाही. त्याने पितळी कड्या पुसल्या, इतकेच.

मुदत संपल्यावर निघण्याच्या दिवशी तिने निळ्या काचेचा एक पेला विकत घेतला. तोपर्यंत त्या दिवसाची बोहनी झाली नव्हती. वृद्धाने पेला वर्तमानपत्रात गुंडाळला, सुटे शेकेल दोनदा मोजून तिच्या हातावर ठेवले आणि दार अर्धे ओढून तो दुपारच्या नमाजासाठी मशिदीकडे निघाला. वाटेत नाका होता. त्याने ओळखपत्र आधीच हातात काढून धरले होते.