पाटी एकाची, घर दुसऱ्याचं

परवा दुपारी मागचं आवरून ओटा पुसत होते, तेवढ्यात धाकटी जाऊ मागच्या दारानं आली आणि फोन माझ्यापुढे धरून नुसती उभी राहिली. “ताई, ह्यांना सांगू नका हं,” एवढंच म्हणाली.

मेसेज होता : ‘केवायसी संपलं आहे, आज खातं बंद होईल.’ खाली निळी लिंक. तिनं उघडली, तर तिच्या बँकेचंच पान! तोच रंग, तोच शिक्का. बिचारीनं कार्डाचा नंबर घातला, ओटीपी घातला आणि 18 हजार गेले. त्यातले निम्मे भिशीचे.

मैत्रिणींनो, अशा वेळी आपण रडत बसतो ना, तिथंच चुकतं. आधी 1930 ला फोन लावला, मग बँकेला. चोरानं पुढच्या खात्यातून रक्कम काढण्याआधी कळलं तर ती तिथं अडवता येते. आम्ही अर्धा तास तर ‘ह्यांना सांगायचं का’ यातच घालवला होता! संध्याकाळी मीच भाऊजींच्या कानावर घातलं. ते रागावले, पण मला वाटलं होतं तेवढे नाही.

तो मेला मेसेज मी पुसूनच टाकणार होते. लेकीनं हात धरला. “आई, तू पुसलास तरी पान तिथंच राहणार. उद्या दुसरी कुणी काकू त्यात सापडेल.”

मग तिनं मला पत्ता वाचायला शिकवलं. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडायच्या, पुढे एकटी तिरकी रेघ येईपर्यंत थांबायचं आणि तिच्या आधीचं शेवटचं नाव बघायचं. घर त्याचं. इथं बँकेचं नाव होतं अगदी पुढे, शेवटी होतं फुकट जागा देणाऱ्या एका कंपनीचं. म्हणजे दारावर पाटी बँकेची अन् घरमालक भलताच! अशा जागेवर लोणची विकणारी बाईसुद्धा दोन घटकांत आपलं पान मांडते. चोरालाही तीच सोय. आणि पत्त्यात ‘एचटीटीपीएस’ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यामुळे वाटेत कुणी वाचत नाही इतकंच, आत कोण बसलंय ते कळत नाही.

त्या घरमालकाकडे ‘गैरवापर कळवा’ असा अर्ज असतो. लिंक उघडायची नाही, बोट दाबून धरून नुसती उतरवून घ्यायची. सोबत मेसेजचा फोटो, तारीख, वेळ आणि कुठल्या बँकेची नक्कल आहे ते. लेकीनं दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या. त्या बँकेलाही कळवलं. पैसे गेलेले नसतील, नुसता संशय असेल, तर सरकारच्या ‘संचार साथी’वर 2024 पासून ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथंही कळवता येतं.

दुसऱ्या दिवशी पान नाहीसं झालं होतं. मला कोण आनंद! आठवड्यानं तेच पान, नावात एक अक्षर बदलून, पुन्हा हजर. ढेकणासारखंच की हे! पुन्हा अर्ज केला.

जाऊचे पैसे अजून पुरते आलेले नाहीत. भिशीचे मी तूर्त भरलेत. काल मात्र तिचाच फोन आला, “ताई, शेजारच्या काकूंना विजेच्या बिलाचा मेसेज आलाय. शेवटचं नाव वाचून दाखवू का?”