लाइन क्लिअर

वरोरा सोडून गाडी भांदकच्या दिशेने निघाली की माजरी जंक्शन येते. येथून वणी, पिंपळखुटी आणि पुढे आदिलाबादकडे जाणारा फाटा निघतो, आणि या जंक्शनच्या आसपासचे काळे ढिगारे, घराच्या उंबऱ्यापर्यंत येणारी काळी धूळ आणि सुरुंगापूर्वी वाजणारा भोंगा यांनीच गावाचा दिनक्रम बांधला आहे. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली, आणि तेव्हापासून येथील कित्येक घरांची रोजी कोळसा खणणे, तोलणे आणि वाहून नेणे या तीन क्रियांभोवती फिरत आली. माझ्या वाट्याला यांतली मधली क्रिया आली. कोळसा वाहतूक करणाऱ्या एका लहानशा खाजगी संस्थेच्या दोन काट्यांवरील संगणकांची व्यवस्था पाहण्याचे काम मी पत्करले.

काट्याचे काम दिसायला सोपे असते. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, मुनीम ग्रॉसमधून, म्हणजे भरलेल्या वजनातून, टेअर, म्हणजे रिकाम्या ट्रकचे वजन, वजा करतो, पावती छापली जाते आणि ट्रक पुढे सरकतो. पूर्वी हे सारे जाड नोंदवहीत होत असे. पुढे ते एका वेबपानावर आले, आणि ज्या दिवशी ते पान उघडेनासे होई त्या दिवशी अर्ध्या तासात रस्त्यावर चाळीस-चाळीस ट्रकांची रांग लागे. त्यात मे महिन्यात येथील पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. सर्व्हरचे झाकण उघडून मी ब्लोअर मारीत असे, तेव्हा पंख्याच्या पात्यांवरून उडणारी भुकटी माझ्या बोटांच्या रेषांत बसे आणि दोनदा साबण लावूनही निघत नसे. अशा एकट्या यंत्रावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नव्हते, म्हणून दोन यंत्रांचा समूह उभारावा, एक निकामी झाले तर दुसऱ्याने तत्क्षणी कारभार हाती घ्यावा, अशी तजवीज मी केली.

पहिले यंत्र कार्यालयातील काट्याशेजारी आणि दुसरे मागच्या काट्याच्या खोलीत ठेवले; वीज कोसळली वा आग लागली तर दोन्ही एकदम जाऊ नयेत हा हेतू. मधून एक केबल. दोन्ही यंत्रांवर अपाची हा वेबसर्व्हर आणि पावत्यांचा डेटाबेस. एकीकडे लिहिलेले अक्षर त्याच क्षणी दुसरीकडे उतरावे यासाठी डीआरबीडी. एकमेकांच्या खुशालीची विचारपूस करण्यासाठी कोरोसिंक. आणि कोणी काय चालवावे याचा निर्णय करण्यासाठी पेसमेकर. काट्यावरच्या संगणकांना मात्र एकच पत्ता ठाऊक असे, आणि तो फिरता पत्ता ज्या यंत्राकडे असेल त्याच्याकडे त्या वेळचा अंमल. यात क्रमाला मोठे महत्त्व आहे: आधी डिस्कचा ताबा, मग डेटाबेस, त्यानंतर अपाची आणि सर्वांत शेवटी पत्ता, थांबताना हाच क्रम उलटा. दुकान उघडण्यापूर्वी दारावर पाटी लावू नये, इतकाच त्याचा अर्थ.

एक गोष्ट मात्र मी टाळली, आणि हे सारे लिहावयास बसलो तो त्या टाळण्यामुळेच. स्टोनिथची सोय केल्याखेरीज पेसमेकर कोणतीही सेवा सुरूच करीत नाही. दुसऱ्याच्या मस्तकात गोळी घालावी अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून झालेले ते नाव आहे. ज्या यंत्राची खबर लागत नाही त्याची वीज आधी तोडावी, ते खरोखर बंद पडल्याची खात्री करावी, आणि मगच त्याचे काम उचलावे, असा तो नियम आहे. वीज तोडणारे वेगळे उपकरण घ्यावे लागले असते, त्याला स्वतंत्र तार ओढावी लागली असती. मला तो खर्च आणि तो विलंब अनावश्यक वाटला. एक ओळ लिहून मी तो नियम बंद केला. पाच महिने काहीही बिघडले नाही.

पावसाळ्यात एका रात्री मधली केबल तुटली. दोन्ही यंत्रे धडधाकट होती, दोन्ही काटे चालू होते; तुटला होता तो केवळ त्यांच्यातला संवाद. पहिल्या यंत्राला वाटले दुसरे मेले, आणि दुसऱ्याला वाटले पहिले मेले. पहिले आपले काम करीत राहिले, दुसऱ्याने कर्तव्यनिष्ठेने डिस्कचा ताबा घेतला, डेटाबेस चालू केला, तोच फिरता पत्ता स्वतःच्या अंगावर चढवला आणि मागच्या काट्याला पावत्या देऊ लागले. रात्रभर दोन्ही काट्यांवरून ट्रक सुटत होते. पहाटे एक चालक हातात पावती घेऊन आला आणि म्हणाला, “साहेब, माह्या पावतीचा नंबर त्या दुसऱ्या गाडीले कसा काय आला?”

मी दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या. क्रमांक एकच, तारीख एकच, वजने निराळी. केबल जोडून पाहिली, तर दोन डिस्कांचा इतिहास आता वेगळा झाला आहे, अशी नोंद करून डीआरबीडीने जोडणी सोडून दिली. अशा प्रसंगी यंत्र निवाडा करीत नाही. कोणत्या बाजूचे लिखाण टाकून द्यावयाचे हे माणसाने सांगावे लागते. मी मागच्या काट्याचे टाकले, पण तत्पूर्वी त्याची प्रत काढून ठेवली, आणि मुनीमजींसह कार्बनच्या प्रती जमिनीवर पसरून त्या रात्रीची एकेक पावती नव्या क्रमांकाने चढवली. या मेळाला आठ दिवस लागले. सर्व्हर एक क्षणही बंद पडला नव्हता, आणि तरीही त्या रात्रीइतका अविश्वासार्ह तो कधीच नव्हता.

घरी वडिलांना हे सांगितले. ते रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षे एकेरी मार्गावरच्या लहान स्थानकांत काढलेली. त्यांनी संगणकाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. इतकेच म्हणाले, “अरे, लाइन क्लिअर न घेताच गाडी सोडलीस तू.” मग त्यांनी पुढचा मार्ग मोकळा असल्याची ही हमी देणाऱ्या गोळ्याच्या यंत्राचे वर्णन केले. लगतच्या दोन स्थानकांत दोन यंत्रे असतात, विजेच्या तारेने जोडलेली. एकातून टोकनाचा गोळा बाहेर काढला की तो पुन्हा कोणत्यातरी यंत्रात पडेपर्यंत दोन्हींपैकी एकही यंत्र दुसरा गोळा देत नाही. तो गोळा चालकाच्या हाती असेल तरच गाडी त्या टप्प्यात शिरते. “आणि तार तुटली तर?” मी विचारले. “तर गोळा निघत नाही. गाडी उभी राहते. पलीकडून काहीच कळत नाही म्हणून मार्ग मोकळा आहे, असं कुणी समजत नाही, बाबा.”

कोरोसिंकमध्येही एक टोकन यंत्रायंत्रांत फिरत असते, ते ज्याच्याकडे असेल त्यानेच त्या क्षणी बोलावयाचे, आणि ठरलेल्या मुदतीत ते परत आले नाही की मंडळाची नवी हजेरी घेतली जाते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. त्याचा अर्थ त्या संध्याकाळी ओसरीवर कळला. या विद्येचा आरंभही जुना आहे. अ‍ॅलन रॉबर्टसन यांच्या हार्टबीट या समूह-प्रणालीला १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात झाली, अँड्र्यू बीकॉफ यांचा पेसमेकर त्यातूनच पुढे स्वतंत्र झाला, आणि या लोकांनी स्टोनिथ आग्रहाने मांडले होते. मी ते वगळले हा दोष सर्वस्वी माझा.

नव्याने मांडणी केली तेव्हा वीज तोडणारी उपकरणे घेतली आणि त्यांच्याकडे जाणारी तार निराळ्या वाटेने नेली. दोघांच्या मतभेदात निर्णय होत नाही, म्हणून तळहाताएवढे एक तिसरे यंत्र साक्षीदार म्हणून तिसऱ्या जागी बसवले. ते पावत्या छापत नाही, फक्त मत देते. तिघांतून दोन मते मिळाली तरच गणपूर्ती, आणि ज्याच्याकडे गणपूर्ती नाही त्याने आपली सेवा आपणहून थांबवावी. टोकनाची मुदत मी तीन सेकंद ठेवली. याहून कमी केली तर गर्दीच्या वेळी निष्कारण बडतर्फी होते. केबल पुन्हा तुटली तर एक काटा बंद राहील, तेथे मुनीमजी वेगळ्या क्रमांकाच्या वहीत हाताने पावती फाडतील. संस्थेच्या संचालकांना हे प्रथम रुचले नाही. ‘सदैव उपलब्ध’ म्हणजे दोन्ही काटे कधीच न थांबणे, अशी त्यांची समजूत होती. मी त्यांच्यापुढे त्या दोन पावत्या ठेवल्या.

परीक्षेसाठी आम्ही रविवारची दुपार निवडली. सुरुंगाचा भोंगा वाजला, रस्ता रिकामा झाला, आणि मी चालू असलेल्या पहिल्या यंत्राची वायर भिंतीतून उपटली. पडद्यावर त्याच्या नावापुढे बेपत्ता असल्याची खूण आली. त्यानंतरचे ते काही सेकंद मी डोळ्यांनी पाहिले: दुसरे यंत्र तयार होते, पण हलत नव्हते; वीज तोडल्याचा दाखला मिळेपर्यंत त्याने कशालाही हात लावला नाही. दाखला आला, डिस्क, डेटाबेस, अपाची, पत्ता असे क्रमाने रुजू झाले, आणि मुनीमजींनी बटण दाबताच पावती निघाली. तिचा क्रमांक आधीच्या पावतीहून एकाने पुढचा होता.

त्यानंतर मधली केबल दोनदा तुटली. दोन्ही वेळा मागचा काटा थांबला, हातची वही उघडली, आणि पावतीचा एकही क्रमांक दुबार आला नाही.