भंडारा रोडवरून

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा विषय निघाला तेव्हा नागपूरची मामी सहज म्हणाली, “अगं, टिळकांना बायबल मिळालं ते आपल्या भंडाऱ्याच्या लाइनीवरच की!” झालं, सकाळची पॅसेंजर धरली.

1893 साली नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात याच मार्गाने राजनांदगावला निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड हे मिशनरी भेटले. गप्पा रंगल्या. वॉर्डसाहेबांनी बायबल दिलं, वर ‘दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल’ असं भाकीतही केलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ज्यांचा संसार या धर्मांतराने विस्कटला, त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई डब्यात नव्हत्याच. त्या माहेरी मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या सोवळ्या वडिलांच्या हाताखाली वाढलेल्या. नवऱ्याला सोडून काही वर्षं पंढरपुरात काढली, मग नगरला त्याच्याकडे आल्या आणि 1900 मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने हे सगळं लिहिलं, तेही स्वतःची फजिती करत, हसत.

मी उतरले ते भंडारा रोड म्हणजे वरठी. शहर इथून पुष्कळ लांब. ऑटोवाल्याने नेलेल्या लॉजमध्ये उशीला तेलाचा वास आणि नळाला फक्त आवाज. पितळी भांड्यांचा बाजार धावत पाहिला, आंधळगावच्या कोशाच्या साड्या तर राहूनच गेल्या.

संध्याकाळी इतिहासाचे एक निवृत्त मास्तर भेटले. “ताई, डब्यातल्या गप्पा म्हणजे इतिहास नव्हे जी! रसेलचं 1908 चं गॅझेटियर वाचा.” मी म्हटलं, “सर, त्यात धानाचा उतारा सापडेल, पण नवरा धर्म बदलून बसला तेव्हा बाईने चूल कुणाबरोबर मांडायची, हे सापडेल का?” मास्तर म्हणाले, “तो साहित्याचा प्रश्न.” चहा गार होईपर्यंत भांडलो. सारा वेळ तेच जिंकत होते, कारण आकडे त्यांच्याकडे होते.

दुसऱ्या दिवशी तुमसर रोडपुढे गाडी वैनगंगेवर आली. इथली मीटरगेजची नागपूर-छत्तीसगड रेल्वे बंगाल-नागपूर कंपनीने 1887 नंतर हाती घेऊन रुंद केली. म्हणजे टिळक गेले तेव्हा हा मार्ग तसा नवाच होता. पात्र रुंद, पाणी बेताचं. पुढचे सारे बेत मी तिथेच सोडले आणि गोंदियापर्यंत पुस्तकच वाचत बसले.

लक्ष्मीबाई 24 फेब्रुवारी 1936 ला गेल्या. ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग त्यांच्या पश्चात आला. गॅझेटियर जरूर वाचा, पण आधी हे.