ग्रँड बुलेव्हार्डवरचं घर आणि चार दोस्त

डेट्रॉइट परिसरातल्या मराठी घरी देशातून पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात. डिअरबॉर्नचं हेन्री फोर्ड म्युझिअम, एक दिवस कॅनडाच्या बाजूने नायगारा, हवा बरी असेल तर मॅकिनॉ बेट, आणि येता-जाता मंदिर. खुद्द डेट्रॉइट शहर मात्र या यादीत क्वचितच असतं. ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स इथे राहणारे आपण "कुठे असता?" असं कोणी विचारलं की बिनदिक्कत "डेट्रॉइटला" म्हणतो, आणि शहरात जातो ते विमानतळाचा रस्ता चुकला तरच! म्हणून यादीत एका जागेची भर घालावी असा हा लेखनप्रपंच.

जागा म्हणजे एक घर. 2648 वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड. लॉज फ्रीवेने डाउनटाउनकडे निघायचं, ग्रँड बुलेव्हार्डला उतरायचं आणि हेन्री फोर्ड हॉस्पिटलवरून पुढे जायचं. डाव्या-उजव्या हाताला दुमजली जुनी घरं लागतात. त्यातल्याच एका पांढऱ्या घरावर निळ्या अक्षरांत 'हिट्सव्हिल यू.एस.ए.' असं लिहिलंय. हेच मोटाउन रेकॉर्ड कंपनीचं मूळ घर, आताचं मोटाउन म्युझिअम. शेजारची काही घरंही कंपनीने पुढे घेतली, आणि 2022 साली समोर छानसं पटांगणही झालं. पण आकार पाहून पाहुणे हमखास विचारतात, "एवढंच?"

एवढंच! बेरी गॉर्डी हा डेट्रॉइटचाच तरुण. काही काळ लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर कामाला होता. 1959 साली घरच्यांनी मिळून जमवलेल्या फंडातून 800 डॉलर कर्जाऊ घेऊन त्याने कंपनी काढली. आमच्यासारख्या मोटारवाल्यांना यातली खरी मौज कळते. लाइनच्या एका टोकाला नुसता सांगाडा चढतो आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी उतरते, हे त्याने रोज पाहिलं होतं. गाण्याचंही तसंच करायचं त्याने ठरवलं. गीत-चाल करणारे एका खोलीत, वाजवणारे दुसरीकडे, चालणं-बोलणं-नाचणं शिकवणारे तिसरीकडे. आणि आठवड्याला चक्क 'क्वालिटी कंट्रोल'ची मीटिंग! कुठलं गाणं बाजारात जाणार ते तिथे मतं घेऊन ठरायचं.

घरामागे पूर्वीच्या मालकाचा फोटो स्टुडिओ होता, त्याचाच 'स्टुडिओ ए' झाला. आपल्या बेसमेंटमधे हळदीकुंकवाला बायका बसतात तेवढीच ती खोली. तिथे दिवस-रात्र काम चालायचं. वाजवणारी मंडळी, ज्यांना 'फंक ब्रदर्स' म्हणत, ती डेट्रॉइटच्या क्लबांतून जॅझ वाजवणारी. तंतुवाद्यांना डेट्रॉइट सिंफनीतले वादक. आवाजाला घुमारा यावा म्हणून माळ्याचा उपयोग करत. गाइड तुम्हाला छताच्या त्या भोकाखाली उभं करून टाळी वाजवायला लावतो, तेव्हा हे पटकन कळतं. मिठाईच्या यंत्राची गोष्टही मुलांना फार आवडते. अंध असलेल्या लहानग्या स्टीव्ही वंडरला आपलं आवडतं चॉकलेट हाताने सापडावं म्हणून ते नेहमी ठरलेल्याच खणात ठेवत.

या घरातून सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, मार्व्हिन गे अशी पुष्कळ नावं बाहेर पडली. मला मात्र सांगायचंय ते 'फोर टॉप्स'बद्दल. त्याला एक कारण आहे. चौघांची नावं वाचा: लिव्हाय स्टब्ज, लॉरेन्स पेटन, रिनाल्डो 'ओबी' बेन्सन आणि अब्दुल 'ड्यूक' फकीर.

फकीर! हे नाव आपल्याकडचं, आणि माणूसही निम्मा आपल्याकडचाच. ड्यूकचा जन्म डेट्रॉइटचा, 1935 सालचा. वडील पूर्व बंगालचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले. ते सतार वाजवत असत आणि इथे कारखान्यात काम करत. आई कृष्णवर्णीय, चर्चच्या गाण्यात वाढलेली. लक्षात घ्या, 1917 च्या कायद्याने हिंदुस्थानातून इकडे येण्याची वाट जवळजवळ बंद झाली होती आणि 1946 पर्यंत आपल्या लोकांना नागरिकत्वही मिळत नव्हतं. तरी बंगाली खलाशी बंदरात जहाज सोडून कारखान्यांच्या शहरांत शिरले, डेट्रॉइटलाही आले. ना व्हिसा, ना मंडळ, ना दिवाळी अंक. गोऱ्या वस्तीत त्यांना कोणी घर देत नसे. ते कृष्णवर्णीय वस्तीत राहिले, तिथेच लग्नं केली, तिथलेच झाले. आपण 1965 च्या कायद्यानंतर डिग्र्या घेऊन आलो. आपल्या आधी या शहराच्या कारखान्यांत देशातली माणसं राबून गेली, हे आपल्या गप्पांत कधी येत नाही. हॅमट्रॅम्कच्या बांगलादेशी दुकानात रोहू आणि हिल्सा घ्यायला आपल्यातले मासेखाऊ जातात. ड्यूकची शाळा, पर्शिंग हायस्कूल, तिथून काही मैलांवरच आहे.

लिव्हायही पर्शिंगचा, ओबी आणि लॉरेन्स नॉर्दर्न हायस्कूलचे. एका पार्टीत चौघे एकत्र गायले आणि आवाज असे जुळले की पुन्हा सुटे गाण्याचा विचारच उरला नाही. साल 1953-54. पहिलं नाव 'फोर एम्स'. पण एम्स ब्रदर्स म्हणून दुसरे प्रसिद्ध गायक होते. घोटाळा नको म्हणून 1956 ला 'फोर टॉप्स' झालं. पुढची सात-आठ वर्षं म्हणजे नुसती वणवण. चेस, रेड टॉप, रिव्हरसाइड, कोलंबिया अशा चार कंपन्या झाल्या, एकही गाणं चाललं नाही. हॉटेलं, क्लब, जिथे बोलावतील तिथे जॅझ-वळणाची गाणी म्हणत फिरायचं. 1963 ला ते मोटाउनमधे आले तेव्हा नवखे नव्हते, दहा वर्षं मुरलेले होते. 1964 साली 'बेबी आय नीड युअर लव्हिंग' आलं. 1965 ला 'आय कान्ट हेल्प मायसेल्फ' पहिल्या क्रमांकावर गेलं. 1966 ला 'रीच आउट आय'ल बी देअर' अमेरिकेत आणि इंग्लंडमधे, दोन्हीकडे पहिलं!

मागे आमचे दाजी सांगलीहून आले होते. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. म्युझिअमला जाताना गाडीत मी मुद्दाम हीच गाणी लावली. शब्द त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. दोन गाणी ऐकून म्हणाले, "हा पुढचा गडी आपल्या पट्टीत गात नाहीये. दोन सूर वर चढवलंय त्याला. असं रोज गायला तर गळा बसेल की!"

मी म्हटलं, "दाजी, तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत."

लिव्हायचा आवाज मुळात भारदस्त, खालच्या पट्टीतला. पण हॉलंड-डोझिअर-हॉलंड या गीतकार त्रिकुटाने त्याच्यासाठी गाणी मुद्दाम उंच बांधली. आवाज पोचण्यासाठी धडपडला पाहिजे, त्यात विनवणी आली पाहिजे, असा त्यांचा हिशेब. म्हणूनच त्या ठेक्यावर पाय नाचत असतात आणि गाणारा मात्र कळवळून हाक मारत असतो. मागचे तिघे ती हाक झेलतात. बुवांनी अभंग सोडायचा आणि टाळकऱ्यांनी धरायचा, तसंच हे. दाजींना ते लगेच समजलं, कारण या गाण्यांचं माहेर चर्च आहे. तिथली रीतच ती, एकाने हाक द्यायची, सगळ्यांनी ओ द्यायची. मागच्या आवाजांची बांधणी लॉरेन्स करायचा. नीट ऐकलंत तर वरचा नाजूक आवाज ड्यूकचा आहे.

म्युझिअम झालं की थेट फ्रीवेला लागू नका. वुडवर्ड अॅव्हेन्यूने नॉर्थ एन्डमधून गाडी घ्या. हे चौघे वाढले तो हा भाग. मधे मोकळे प्लॉट, मधे उभी घरं, मधे कोणीतरी जपलेली बाग. ग्रँड बुलेव्हार्डपासून जवळच, तेव्हाच्या बाराव्या रस्त्यावर, 23 जुलै 1967 ला पोलिसांच्या धाडीनंतर दंगल पेटली. 43 माणसं गेली. 1950 ला साडेअठरा लाखांचं असलेलं शहर 2020 च्या जनगणनेत 6 लाख 39 हजारांवर आलं. 2013 ला तर महापालिकेने दिवाळं जाहीर केलं. मोटाउन कंपनीसुद्धा 1972 ला लॉस एंजेलिसला गेली. वाजवणाऱ्या मंडळींना कोणी धड विचारलंही नाही.

फोर टॉप्सनी तेव्हा कंपनी सोडली, गाव सोडलं नाही. गाणी दुसऱ्या कंपन्यांसाठी केली, दौरे जगभर केले, पण बिऱ्हाडं डेट्रॉइटलाच. सुप्रीम्सच्या नावात डायना रॉसचं नाव पुढे आलं, तसं 'लिव्हाय स्टब्ज आणि फोर टॉप्स' करायला लिव्हाय तयार झाला नाही. चौकडी सोडून एकट्याची वाटही धरली नाही. आणखी एक गोष्ट. 1969 ला बर्कलीच्या पीपल्स पार्कमधे पोलिसांनी तरुण पोरांना मारलेलं ओबीने पाहिलं आणि त्यातून गाण्याची कल्पना सुचली. बाकीचे तिघे म्हणाले, हे निषेधाचं गाणं, आपलं नाही. ओबी रुसून निघून गेला नाही. ते गाणं त्याने अल क्लीव्हलंड आणि मार्व्हिन गेबरोबर पुरं केलं. तेच 1971 चं 'व्हॉट्स गोइंग ऑन'! एवढं मोठं गाणं हातचं गेलं, तरी चौकडी फुटली नाही.

मंडळी, आपण दोन वर्षांत कमिटीवरून भांडून दुसरं मंडळ काढणारे लोक! इथे चार माणसं, एकही बदल न होता, 1997 पर्यंत एकत्र गायली. चाळीसहून अधिक वर्षं. त्यात डिसेंबर 1988 ला लंडनहून परतताना लॉकरबीवर पडलेलं पॅन अॅमचं विमान त्यांचं चुकलं, म्हणून वाचली.

1997 च्या जूनमधे लॉरेन्स गेला. उरलेले तिघे काही काळ चौथा न घेताच गायले. 2000 साली आजारपणामुळे लिव्हायचं गाणं थांबलं. 2005 ला ओबी गेला, 2008 ला लिव्हाय. वुडवर्डवरच्याच वुडलॉन दफनभूमीत त्याची जागा आहे. रोझा पार्क्स आणि अॅरिथा फ्रँकलिनही तिथेच आहेत. ड्यूक एकटा उरला. त्याने नवे तिघे घेतले, त्यातला एक लॉरेन्सचा मुलगा. ऐंशी उलटून गेली तरी तो गात राहिला. 22 जुलै 2024 ला, वयाच्या 88 व्या वर्षी, तोही गेला, डेट्रॉइटमधेच.

इथे जन्मलेली आपली मुलं "आम्ही नक्की कुठले?" म्हणून विचारतात. उत्तर द्यायला आपण त्यांना गणपतीला नेतो, मराठी शाळेत घालतो. ते बरोबरच आहे. पण ते निम्मंच उत्तर झालं. दुसरं निम्मं या शहरात आहे. पूर्व बंगालच्या सतारियाचा मुलगा "मी डेट्रॉइटचा" म्हणायचा, तेव्हा ते कोणाला समजावून द्यावं लागत नसे. त्याने शहराचे वाईट दिवसही आपलेच मानले होते.

तेव्हा पुढच्या पाहुण्यांना घेऊन जाच. तिकिटं आधी काढून ठेवा, टूरच्या जागा लवकर भरतात. जाताना गाडीत गाणी लावा, आणि स्टुडिओ एमधे गाइडने गायला सांगितलं की लाजू नका. आमचे दाजी तिथे टाळ्यांचा ठेका धरून उभे राहिले, आणि ओहायोहून आलेल्या चार बायकांना त्यांनी साथीला घेतलं!